जिनाचा भोंगा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते इतिहास शिकवताना आधी फळ्यावर नकाशा काढत आणि मगच सनावळीला हात घालत, असे त्यांच्या एका विद्यार्थ्याने मला आज दुपारी सांगितले. मीही तसेच करणार आहे. मला दिलेला विषय आहे 'देशोदेशींचे औद्योगिकीकरण : कारणे आणि सामाजिक परिणाम'. चहा घेताना एका तरुणाने विचारले, "सर, आपल्या गावात रेल्वे नाही, मोठा कारखाना नाही. हा विषय इथं कशाला?" प्रश्न मनापासून आलेला होता, आणि आजचे सगळे व्याख्यान हे त्यालाच दिलेले उत्तर आहे असे समजा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मंगरूळपीर औद्योगिकीकरणाच्या बाहेर कधीच नव्हते. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण त्याच्या आतच आहोत. फक्त ज्या साखळीच्या एका टोकाला मँचेस्टरची गिरणी होती, तिच्या दुसऱ्या टोकाला आपले वावर होते. गिरणी दिसते, तिच्यावर पुस्तके निघतात. वावरातला बदल दिसत नाही, कारण पऱ्हाटी काल होती तशीच आज उभी असते.

माझी आजी हंगामात जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, जायची. कापूस निघाला की दिवाळीनंतर ती कामाला लागायची आणि उलंगवाडी झाली की घरी बसायची. "भोंगा झाला" हे तिचे घड्याळ होते. तो पहाटे एकदा वाजायचा आणि रात्री एकदा. संध्याकाळी केस पांढरे करून ती घरी यायची आणि आम्ही मुले तिला हसायचो. ते पांढरे म्हणजे रुईची भुकटी होती, आणि तीच तिच्या छातीत गेली होती, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. तिचा खोकला हीच मला औद्योगिकीकरणाची पहिली ओळख. पुस्तके नंतर आली.

आता नकाशा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे आपण बाशीम, म्हणजे वाशीम जिल्ह्यात होतो. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि मंगरूळ तालुका अकोल्याला जोडला गेला. पुन्हा वाशीम जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. त्या काळच्या नकाशावर एक वाट काढा. ती अमरावतीहून निघून उत्तरेला गंगेकाठी मिर्झापूरला जाते, सुमारे ८०० किलोमीटर. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस या वाटेने बैलांच्या पाठीवरून जाई. ते बैल बंजाऱ्यांचे होते. मीठ, धान्य, कापूस घेऊन हजारो बैलांचे तांडे चालत. बंजाऱ्यांचे तीर्थ पोहरादेवी आपल्यापासून दूर नाही आणि या सभागृहात त्या तांड्यांचे वंशज बसलेले आहेत, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. तांडा ही त्या काळची मालगाडीच होती. तिचे मालक, चालक, पहारेकरी आणि प्रवासी असे सगळे एकच कुटुंब होते.

आपला सगळा कापूस बाहेर जात होता असेही नाही. बराचसा गावातच लागे. बाया हातचरकीवर सरकी वेगळी करत, पिंजारी धनुकलीने रुई पिंजत, घरोघरी सूत निघे, कोष्टी आणि मोमीन कापड विणत. जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत नागपूर-वऱ्हाडातले महारही मोठ्या संख्येने होते. या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यात गरिबी होती आणि जातीची उतरंड होती. पण बोंडापासून धोतरापर्यंतचे प्रत्येक काम चार-दोन कोसांत होत होते आणि प्रत्येक कामाचे चार दाणे कुणाच्या तरी घरात पडत होते, एवढे लक्षात ठेवा.

इंग्लंडात यंत्रे आधी का आली, यावर विद्वानांत अजून वाद चालू आहे. कोळसा जमिनीत वरच होता, मजुरी महाग असल्याने माणसाऐवजी यंत्र लावणे परवडत होते, कुंपणे घालून सामाईक जमिनी घेतल्यामुळे बिनजमिनीची माणसे मोकळी झाली होती, समुद्रापलीकडचा व्यापार हाताशी होता. ही सगळी कारणे खरी आहेत. पण शाळेच्या पुस्तकात क्वचितच येणारे एक कारण आपल्याशी थेट संबंधित आहे. सतराव्या शतकात हिंदी सुती कापडाने इंग्लंडचा बाजार भरून गेला होता. तेव्हा तिथल्या पार्लमेंटने १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली कायदे करून छापील सुती कापडावर बंदी आणली. त्या भिंतीआड त्यांच्या कारागिरांना शिकायला, चुकायला आणि सुधारायला वेळ मिळाला. हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटचे पाण्यावर चालणारे यंत्र, क्रॉम्प्टनचे म्यूल ही सूत कातण्याची सगळी यंत्रे १७६४ ते १७७९ या पंधरा वर्षांतली. खुल्या व्यापाराचा उपदेश त्यानंतर सुरू झाला, स्वतःचा हात बळकट झाल्यावर.

त्या यंत्रांनी इंग्लंडच्या माणसांचे काय केले? १८०१ मध्ये पाऊण लाख वस्तीचे मँचेस्टर पन्नास वर्षांत तीन लाखांवर गेले. एडविन चॅडविकने १८४२ साली कामगार वस्त्यांच्या आरोग्यावर अहवाल दिला. त्यातला एक आकडा मी वर्गात सांगायचो तेव्हा मुले गप्प व्हायची. रटलंड या शेतकी भागातल्या मजुरांच्या घरांत मृत्यूचे सरासरी वय ३८ होते, मँचेस्टरच्या मजुरांत १७. अर्थ असा नव्हे की सगळे सतराव्या वर्षी मरत. पाळण्यातली मुले इतकी मरत की सरासरी तिथवर खाली येई. नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरणीत घ्यायचे नाही, एवढे खऱ्या अर्थाने लागू व्हायला १८३३ साल उजाडले. स्त्रिया आणि मुले यांना दिवसाला दहाच तास काम, हा कायदा १८४७ चा. यातले काहीही गिरणीमालकांनी आपणहून दिले नाही. यंत्रे फोडणाऱ्या विणकरांना १८१२ च्या कायद्याने फाशीची शिक्षा ठेवली गेली होती. त्या पिढ्यांनी भोगले आणि झगडले, तेव्हा त्यांच्या नातवंडांना शाळा मिळाली. हे विसरून "औद्योगिकीकरणाने समृद्धी येते" असे म्हणणे मला अप्रामाणिक वाटते.

त्या गिरण्यांना कापूस अमेरिकेतून येई. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले, त्याचे नाव जिन. आपल्या तोंडी रुळलेला 'जिन' हा शब्द तोच. हाताने करायचे काम यंत्राने होऊ लागले, तर गुलामांची गरज कमी व्हायला हवी होती. झाले उलटे. सरकी पटापट निघू लागली, म्हणून कापूस जास्त पेरला गेला, म्हणून वेचायला माणसे जास्त लागली. १७९० च्या सुमारास अमेरिकेत सात लाख गुलाम होते, ते १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात गेले. यंत्र कष्ट कमी करते की वाढवते, हे यंत्राकडे पाहून कळत नाही. ते कुणाच्या हातात आहे हे पाहावे लागते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. कापसाचे भाव भडकले, मुंबईत शेअरचा ज्वर चढला. १८६५ ला अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले. पण तोवर घडी बदलली होती. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला. १८७० साली लॉर्ड मेयो, म्हणजे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय, स्वतः खामगावला आले, कापूस बाजारासाठी घातलेल्या जेमतेम काही मैलांच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करायला. त्याच साली मुंबई तारेने लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलचा आजचा भाव आता खामगावच्या अडत्याला कळू लागला. वावरातल्या माणसाला मात्र कळत नव्हता. लिव्हरपुलात आपल्या कापसाला 'ऊम्रा' म्हणत, उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडलेले नाव.

आता माझ्या व्याख्यानातल्या मुख्य मुद्द्याशी आलो आहे. वऱ्हाडात जिन आले, रुईच्या गाठी दाबणारे प्रेस आले, गावोगाव भोंगे वाजू लागले. कारंजा, अकोला, मूर्तिजापूर, खामगाव इथे हंगामात चिमण्या धुरू लागल्या. मग पुढची गिरणी का आली नाही? सूत आणि कापड इथे का नाही?

उत्तर तराजूत आहे. तीन क्विंटल कापूस जिनात घातला की सुमारे एक क्विंटल रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे शेतातून निघालेल्या ओझ्याचे दोन भाग इथेच गळून पडतात. ते ओझे आगगाडीने मुंबईला नेऊन तिथे गाळणे कुणालाच परवडले नसते, म्हणून जिन शेताजवळ आला. रुई मात्र नासत नाही. दाबून गाठ बांधली, लोखंडी पट्ट्या आवळल्या, की ती दहा हजार किलोमीटर जाते आणि वर्षभर टिकते. रुईचे सूत करताना वजन फारसे घटत नाही, म्हणून सूतगिरणी शेताजवळ असायची सक्ती मालावर नाही. गिरणी जिथे भांडवल, बंदर, कोळसा आणि सरकारची मर्जी असेल तिथे उभी राहू शकते. आपल्या वाट्याला उद्योगातली एकच पायरी आली : आपला माल दुसऱ्याला वाहून न्यायला हलका करून देण्याची.

याच्या शेजारी उसाचे उदाहरण ठेवा. तोडलेला ऊस एक-दोन दिवस पडला की साखर उतरते. त्यामुळे कारखान्याला उसापाशी यावेच लागते. अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचाच सहकारी कारखाना उभा केला, तो १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. कारखान्याभोवती शाळा, दवाखाने, बँका, राजकारण सगळे उगवले. त्या माणसांचे कर्तृत्व मोठेच होते, त्याला मी बोट लावत नाही. पण कर्तृत्वाला पिकाच्या स्वभावाची साथ होती. आपल्या विदर्भातही सहकारी सूतगिरण्या निघाल्या आणि बऱ्याच बंद पडल्या. गैरव्यवहार झाले, राजकारण झाले, हे मला मान्य आहे. तरी "विदर्भाचा माणूस आळशी" हे जे ऐकून घ्यावे लागते, ते मी कधीच मान्य केले नाही. नासका माल कारखान्याला बांधून ठेवतो, टिकाऊ माल त्याला मोकळे सोडतो.

गाडगीळांचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. ते नागपुरात वाढलेले. १९२४ साली त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आपली हस्तकला का बुडाली याची त्यांनी तीन कारणे दिली : दरबार गेले, परकी सत्तेने आवडीनिवडी बदलल्या, आणि यंत्राच्या मालाशी सामना पडला. शंभर वर्षांनंतरही ती मांडणी जुनी वाटत नाही. आपल्या ग्रंथालयात ते पुस्तक असावे, अशी विनंती करतो.

पुन्हा वऱ्हाडाकडे. त्या एका पायरीने आपल्या समाजाचे काय झाले?

तांडे थांबले. बैल विकले गेले. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या माणसांना एकाएकी थांबावे लागले, आणि थांबायला जमीन नव्हती. त्यात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि फिरत्या माणसाकडे चोर म्हणून बघण्याची सवय सरकारला लागली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नजर मात्र त्याच दिवशी बदलली नाही. बंजारा समाजाने यातून जे उभे केले, एका तांड्यातला मुलगा म्हणजे गहुलीचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचा मुख्यमंत्री राहिला, ते मला आपल्या वऱ्हाडाच्या इतिहासातले सर्वांत तेजस्वी पान वाटते. पण ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारे तांडे आजही आहेत. बैलांच्या जागी ट्रॉली आली एवढेच.

पिंजाऱ्याचे काम गेले, कोष्ट्याचा माग थंडावला. विलायती कापड त्याच रेल्वेने परत येत होते. ज्वारीची वावरे कापसाखाली गेली. पूर्वी गावोगाव जमिनीत पेवे असत, त्यांत दोन-तीन वर्षांची ज्वारी राही. रोख पिकाच्या काळात पेवे रिकामी झाली, कारण सारा रोख भरायचा होता आणि धान्यालाही आता बाहेर गिऱ्हाईक होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्या वऱ्हाडाला 'सोन्याची कुऱ्हाड' म्हणत, तिथे माणसे उपाशी मेली. कापूस आणि दुष्काळ यांचा हा संबंध लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडावरच्या आपल्या पुस्तकात तपशिलाने मांडला आहे. रेल्वेचे रूळ असताना माणूस उपाशी मरतो, हे नीट समजून घ्या. रूळ धान्य आणतात तसे नेतातही. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्याकडे गाडी वळते.

आणि जिनातल्या बाया. हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. तो शंभरावर माणसे असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. हंगामी जिन बहुतेक त्यातून सुटले. खानदेशातल्या जिनांविषयी १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे जे आले, त्यात बाया पहाटे चार-पाचला कामावर येतात आणि रात्री नऊ-दहाला जातात, असे वर्णन आहे. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ उजाडले. म्हणजे मँचेस्टरच्या बाईला दहा तासांचा कायदा मिळाला, त्यानंतर चौसष्ट वर्षे तिच्यासाठी रुई काढणारी आपली बाई कायद्याला दिसलीच नाही. आजीच्या खोकल्याचे नाव मी पुढे त्या कमिशनच्या पानांत वाचले.

नागपूरचे काय, असे कुणी विचारील. तिथे मात्र गिरणी आली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, मुंबई सोडून मुद्दाम कापसाजवळ. त्यांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू केला, आणि हे सगळे सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी. ज्यांचे घरचे माग बंद पडले ते कोष्टी आणि महार याच गिरणीत कामाला लागले. भोंग्याने त्यांना महिन्याचा पगार दिला, मुलांना शाळेत घालण्याइतकी उसंत दिली. नागपूरच्या दलित चळवळीच्या पाठीशी गिरणीचा तो पगार उभा होता, असे मी मानतो.

पण जात गिरणीच्या दारात थांबली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. धोट्यातले सूत तुटले की ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ दिले जात नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यंत्र आले की जात आपोआप जाईल, असे मानणाऱ्यांना त्या धोट्याने उत्तर दिले. बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू ओळखले होते, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही, आणि दोघांशी एकाच वेळी लढायला सांगितले.

मुंबईविषयी थोडक्यात बोलतो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. कोकणातला आणि सातारकडचा गडी गिरणीत, बायको-पोरे गावाकडे, अशी दोन चुलींची घरे झाली. एका पगारात कुटुंब मुंबईत राहू शकत नव्हते, म्हणून गावच्या शेताने गिरणीच्या मजुरीला भर घातली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. आज आपण रविवारी या सभागृहात बसू शकतो, त्यात या सत्यशोधकाचा वाटा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले.

आता जपान. इथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. १८६८ मध्ये तिथे सत्ताबदल झाला. १८७२ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी तोमिओका इथे सरकारने नमुन्याचा रेशीम कारखाना काढला. जपानी गिरण्यांना स्वस्त, आखूड धाग्याचा कापूस हवा होता. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीने कोबे-मुंबई मार्ग सुरू केला. त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता, कारण इंग्रज कंपनीची मक्तेदारी त्यांनाही जाचत होती. मग वऱ्हाडचा कापूस ओसाकाला जाऊ लागला. आपल्या आज्यांनी गाळलेली रुई जपानी मुलींच्या हातात पडली.

१८९६ हे एक वर्ष डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी जपान सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा कर उठवला, आपल्या गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, लँकेशायरला स्पर्धा जड जाऊ नये म्हणून. कापूस तोच, यंत्रे इंग्लंडचीच, साल एकच. एका देशाचे सरकार आपल्या गिरणीच्या पाठीशी होते, दुसऱ्याचे तिच्या वाटेत. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. आपल्यावरची अबकारी १९२६ पर्यंत राहिली. औद्योगिकीकरणाच्या कारणांत हवामान, स्वभाव, धर्म अशी बरीच नावे घेतली जातात. मला हे दोन कर पुरेसे वाटतात.

जपानचेही गुणगान एवढ्यावर थांबवू नका. तिथे १८७३ पासून जमीनमहसूल रोख भरावा लागे. भात पिकवणाऱ्या गरीब बापाने उचल घ्यायची आणि मुलीने गिरणीत राहून ती फेडायची, असे करार झाले. मुली कुंपणाआडच्या वसतिगृहात राहत, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, रात्रपाळीही. एकीने सोडलेल्या अंथरुणावर दुसरी निजे. १९१३ साली इशिहारा ओसामू या डॉक्टरने गिरणीतल्या मुली आणि क्षय यावर जाहीर व्याख्यान दिले. घरी परतलेल्या मुली गावात क्षय घेऊन जातात, हे त्याने दाखवले. तिथला फॅक्टरी कायदा १९११ चा, अंमल १९१६ पासून, आणि बायकांची रात्रपाळी बंद झाली १९२९ ला. उसनवार फेडायला पाठवलेली ती मुलगी आणि उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले आपले जोडपे यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्याने कापसाला हात दिला. १९७१ चा कायदा झाला आणि एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या हर्रासाऐवजी सरकारचा काटा, भावाची हमी. योजनेत चुका होत्या, चुकारे रखडत, बंड्यांच्या रांगा लागत. तरी पहिल्यांदा शेतकऱ्याला भाव पेरणीच्या आसपास कळला. ती मोडली, आणि तिच्या जागी तेवढे मोठे काहीच आले नाही. पुढे आपल्या तालुक्यात सोयाबीन आले आणि कापूस मागे सरला. सोयाबीनच्या वेचणीला बाई लागत नाही, म्हणजे चार महिन्यांची बाईची मजुरी गेली, हा परिणाम कोणी मोजला आहे का? शिवाय सोयाबीनही कोरडे आणि टिकाऊ. तेही पोत्यात भरून दूरच्या तेल कारखान्यात जाते. कापसाचीच वाट ते चालते आहे.

मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली छोटी गाडी, लोक जिला शकुंतला म्हणतात, तीही कापसासाठीच घातलेली. मँचेस्टरात १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४ पर्यंत ओढले. आता ती बंद आहे. पण शेलूबाजारपाशी समृद्धी महामार्ग आला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आठ तासांची वाट. २०१८ साली वाशीमला केंद्र सरकारने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत घातले होते, म्हणजे मागे राहिलेल्या. महामार्ग आणि मागासपण एकाच तालुक्यात नांदतात, हे खामगावच्या १८७० च्या फाट्याशी जुळवून बघा. रस्ता दोन्ही दिशांना असतो. त्यावरून काय जाते आणि काय येते, याची नोंद आपणच ठेवली पाहिजे. मुलगे पुण्याच्या चाकणला जातात हे मला दिसते. परत काय येते, ते विचारले पाहिजे. महामार्गाशेजारी नवनगरे होणार म्हणतात. तिथे सोयाबीनचे फक्त पोते भरायचे केंद्र होणार असेल, तर आपण पुन्हा ओझे हलके करून देणारेच राहू. तेल, पेंड, पनीर, पीठ हे सगळे इथे होणार असेल, मालकी शेतकऱ्यांच्या कंपनीकडे असेल आणि तिथल्या बाईला पहिल्या दिवसापासून कायद्याची नोंदवही असेल, तर मी तिच्या उद्घाटनाला पायी येईन.

आता त्या तरुणाला एक काम देतो. या तालुक्यात आणि कारंज्याकडे अजून काही म्हाताऱ्या बाया आहेत ज्या जिनात रोलरपाशी बसल्या होत्या. भोंगा किती वाजता व्हायचा, तान्ही मुले कुठे ठेवत, मजुरी रोज मिळायची की आठवड्याला, खोकल्यावर काय घेत, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि ते कुठल्याही कमिशनने मराठीत लिहून ठेवलेले नाही. उद्या सकाळी दहाला मी त्यांच्यापैकी एकीकडे चाललो आहे. तिने होकार दिला आहे. तू वही घेऊन ये. फोनवर आवाज नोंदव, पण वहीत लिहीसुद्धा, आणि तिच्या वऱ्हाडीतच लिही, शुद्ध करू नकोस.